यजमान कोण, पाहुणा कोण? अमेरिकन दक्षिणेतले कुटुंबमेळावे आणि त्यांची पुस्तकं

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जरा लांबचा आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या ग्रामीण काउंट्यांमध्ये दरवर्षी उन्हाळ्यात कुटुंबमेळावे भरतात. तिकडे त्याला 'फॅमिली रियुनियन' म्हणतात. या मेळाव्यांमधून आणि त्यांच्या अवतीभवती चांगली पुस्तकं लिहिली गेली. त्यातल्या पाचांबद्दल मी बोलणार आहे: पॉली मरे यांचं 'प्राउड शूज', अ‍ॅलेक्स हेली यांचं 'रूट्स', डोरोथी स्प्रुइल रेडफर्ड यांचं 'समरसेट होमकमिंग', एडवर्ड बॉल यांचं 'स्लेव्हज इन द फॅमिली' आणि हेन्री विन्सेक यांचं 'द हेअरस्टन्स'. पुस्तकांची ओळख करून देणं हा हेतू नाही. एकच प्रश्न घेऊन ती मला वाचायची आहेत. गुलामाचे वंशज आणि मालकाचे वंशज एका मांडवात येतात, तेव्हा बोलावणारा कोण असतो? यजमान कोण आणि पाहुणा कोण?

आपल्या भाषेत 'पाहुणा' या शब्दाची एक गंमत आहे. शहरात पाहुणा म्हणजे घरी आलेला माणूस. गावाकडे 'पाहुणे' म्हणजे सोयरे, लग्नाने जोडलेले. आणि एका रक्ताचे, एका मूळपुरुषाचे जे असतात त्यांची ती 'भावकी'. भावकी म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू आलं, ते बरोबरच आहे. भावकीत नातं असतं आणि बांधावरचं भांडणही असतं. एकाला दुसऱ्यापासून सोडवता येत नाही. मला वाटतं, या पुस्तकांमधल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय नातेवाइकांच्या संबंधाला इंग्रजीतल्या 'फॅमिली'पेक्षा आपला हा शब्द जास्त लागू पडतो.

आधी मेळावा म्हणजे काय ते थोडक्यात. दक्षिणेत गोऱ्या कुटुंबांमध्ये जुनी प्रथा आहे. चर्चचं 'होमकमिंग' असतं, गावाबाहेर गेलेले लोक त्या रविवारी परत येतात. डोंगराळ भागात 'डेकोरेशन डे' असतो, म्हणजे पूर्वजांच्या कबरी साफ करून फुलं वाहायची आणि मग तिथेच चर्चच्या आवारात लांब टेबलं मांडून जेवायचं. कृष्णवर्णीय कुटुंबांच्या मेळाव्याला आणखी एक कारण मिळालं, स्थलांतर. १९१० ते १९७० या साठ वर्षांत सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाकडे गेले. मागे म्हातारी माणसं राहिली, चर्च राहिलं, कबरी राहिल्या आणि काही एकर जमीन राहिली. जुलै-ऑगस्टात शाळांना सुट्ट्या लागल्या की गाड्या भरभरून लोक परत येतात. शुक्रवारी मासे तळतात. शनिवारी सगळ्यांचे एका रंगाचे टी-शर्ट, पाठीवर आडनाव आणि कधीकधी अख्खी वंशावळ. रविवारी चर्च आणि मग गेलेल्यांच्या नावांचं वाचन.

हे नावांचं वाचन लक्षात ठेवा. आनंदसोहळ्यात ही यादी का वाचायची? नाव हीच या लोकांची सर्वांत कष्टाने मिळवलेली मालमत्ता आहे, म्हणून.

अमेरिकेत दर दहा वर्षांनी खानेसुमारी होते. १८५० आणि १८६० साली गुलामांची वेगळी यादी केली गेली. त्यात मालकाचं नाव आहे आणि त्याखाली ओळीने वय, स्त्री की पुरुष, वर्ण. गुलामांची नावं जवळपास कुठेच नाहीत. 'स्त्री, २८, काळी', 'पुरुष, ४, मिश्र', असं. गुलामगिरी संपल्यानंतरच्या, म्हणजे १८७० च्या खानेसुमारीत ही माणसं पहिल्यांदा नावा-आडनावासकट येतात. वंशावळ शोधणारे कृष्णवर्णीय लोक १८७० ला 'विटांची भिंत' म्हणतात. भिंतीच्या अलीकडे माणसं आहेत, पलीकडे नुसती वयं.

भिंतीपलीकडे जायचं तर वाट कुठली? मालकाच्या घरची कागदपत्रं. मृत्युपत्र, खरेदीखत, गहाणखत, मालक मेल्यावर केलेली मालमत्तेची मोजदाद, कपडे आणि धान्य वाटल्याच्या वह्या. तिथे नावं सापडतात, कारण मालकाला माल ओळखायचा होता. म्हणजे आपल्या खापरपणजीचं नाव हवं असेल, तर तिची किंमत जिथे लिहिली आहे तोच कागद उघडावा लागतो. या सगळ्या पुस्तकांच्या मुळाशी ही अडचण आहे. एखादं पुस्तक तिला कसं सामोरं जातं, यावरून मी त्याची पारख करतो.

आपल्याकडच्या वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. आपले कुलवृत्तांत चालतात बापाकडून मुलाकडे. मुलगी लग्न होऊन गेली की तिची ओळ तिथेच थांबते. व्हर्जिनियात १६६२ साली कायदा झाला की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरेल, आणि इतर वसाहतींतही हेच तत्त्व रुजलं. कारण उघड होतं. मालकापासून गुलाम स्त्रीला झालेलं मूल वारस ठरू नये, मालमत्ता ठरावं. त्यामुळे मालकाच्या वहीत आई आणि तिची मुलं एकत्र लिहिलेली सापडतात, बापाचा रकाना बहुधा कोराच असतो. तेव्हा या वंशावळी आईकडून आईकडे मागे जातात. यात स्त्रीचा गौरव वगैरे शोधायला जाऊ नका. जो बाप लपवायचा होता, त्याची ती सावली आहे.

आता पुस्तकांकडे वळतो. 'रूट्स' टाळता येत नाही. १९७६ साली पुस्तक आलं, जानेवारी १९७७ मध्ये ते सलग आठ रात्री दूरचित्रवाणीवर दाखवलं गेलं, आणि त्याच वर्षी हेलींना पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला. टेनेसीतल्या लॉडरडेल काउंटीत हेनिंग नावाचं छोटं गाव आहे. तिथे आजीच्या ओसरीवर ऐकलेल्या गोष्टींपासून हेली निघाले आणि गांबियातल्या जुफुरे गावच्या कुंटा किंटेपर्यंत पोचले, अशी ती कथा. पुढे काय झालं ते तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. हॅरल्ड कूरलँडर यांच्या कादंबरीतला मजकूर उचलल्याच्या दाव्यात १९७८ साली हेलींना साडेसहा लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. मग गॅरी मिल्स आणि एलिझाबेथ शोन मिल्स या वंशावळीच्या अभ्यासकांनी व्हर्जिनियाची कागदपत्रं तपासली. ज्या टोबीला हेली कुंटा किंटे म्हणतात, तो ज्या जहाजातून १७६७ साली आला असं पुस्तक सांगतं, त्याच्या पाच वर्षं आधीच मालकाच्या कागदांत हजर होता.

मग 'रूट्स' टाकून द्यायचं का? मला तसं वाटत नाही. पण वंशावळीचा दस्तऐवज म्हणून ते उभं राहत नाही, हे स्पष्ट म्हणायला हवं. काही लोक म्हणतात, भावना खरी आहे ना, मग तपशिलाचं काय एवढं? हा युक्तिवाद मला मान्य नाही. ज्यांची नावं पुसली गेली, त्यांच्या बाबतीत तपशील हाच न्याय असतो. एका खऱ्या टोबीच्या जागी हवा तसा टोबी बसवला, की खऱ्या टोबीचं नाव दुसऱ्यांदा पुसलं जातं. 'रूट्स'चं खरं मोठेपण त्याने घडवलेल्या वाचकांत आहे. ते पाहिल्यावर हजारो लोक उठून आपापल्या काउंटीच्या कचेरीत गेले आणि जुन्या वह्या मागू लागले.

त्यांतल्याच एक डोरोथी स्प्रुइल रेडफर्ड. नॉर्थ कॅरोलायनात टिरेल काउंटीतल्या कोलंबिया गावी जन्म, व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथला वाढल्या, समाजकल्याण खात्यात नोकरी. 'रूट्स' पाहून मुलीने विचारलं, आपण कुठले? उत्तर नव्हतं. मग जवळजवळ दहा वर्षं नोकरी सांभाळून त्या शोधत राहिल्या. शोध येऊन थांबला शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत, समरसेट प्लेस नावाच्या प्लांटेशनवर. आजही या काउंटीची वस्ती अकरा हजारांच्या आसपास आहे. सपाट, पाणथळ मुलूख. मधोमध फेल्प्स नावाचं मोठं तळं.

त्या तळ्याकाठी १७८५ पासून १८६५ पर्यंत समरसेट चाललं. जोसाया कॉलिन्स आणि त्याच्या भागीदारांनी १७८६ साली ऐंशी माणसं थेट पश्चिम आफ्रिकेतून आणवली, कशासाठी, तर कालवा खणायला. तळ्यापासून स्कपर्नाँग नदीपर्यंत सहा मैलांचा कालवा त्यांनी दलदलीत उभं राहून खणला. आधी भात, नंतर मका आणि गहू. ऐंशी वर्षांत तिथे साडेआठशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून राबली. कॉलिन्स घराण्याने चोख कागद ठेवले होते, आणि ते सरकारी अभिलेखागारात टिकले. रेडफर्ड त्या कागदांपर्यंत पोचल्या आणि काम पालटलं. निघाल्या होत्या एका घराण्याचा शोध घ्यायला, पण याद्या हाती आल्यावर त्यांना दिसलं की एकटीची वंशावळ काढता येणार नाही. एका मळ्यावरची माणसं चार पिढ्यांत एकमेकांत गुंतलेली होती. मग त्यांनी सगळ्यांचीच वंशावळ काढायला घेतली.

साहित्यकृती म्हणून या पुस्तकाचं बळ मला इथे दिसतं. हेली एक धागा पकडून आफ्रिकेतल्या एका पुरुषापर्यंत जातात, आणि त्या धाग्याला वीरकथेचा आकार येतो. रेडफर्ड यांच्याकडे जाळं आहे. नायक नाही, मूळपुरुष नाही. आणि पद्धत उलटी आहे. हेलींनी घरातली गोष्ट आधी धरली आणि तिला पुरावा शोधला. रेडफर्ड यांच्या हाती कथा फारशी नव्हतीच. घरातली वडीलधारी माणसं जुन्या काळाबद्दल बोलत नसत. कागदातून नाव, नावावरून आजच्या टेलिफोन डिरेक्टरीतलं आडनाव, त्या आडनावाला फोन, असा प्रवास आहे. कचेरीतली धूळ, उत्तर न आलेली पत्रं, संशयाने विचारलेलं 'तुम्हाला हे कशाला हवंय?', हे सगळं त्या वाचकापुढे ठेवतात. शोधाची रीत उघडी असल्यामुळे वाचक पुरावा स्वतः तोलू शकतो.

३० ऑगस्ट १९८६, शनिवार. लेबर डेची जोडून सुट्टी. समरसेटवर मेळावा भरला. दोन हजारांहून जास्त लोक आले. कॉलिन्स घराण्याचे वंशज आले, अ‍ॅलेक्स हेलीही आले. आता माझा प्रश्न विचारा. बोलावणारं कोण होतं? गुलामांची वंशज, समाजकल्याण खात्यातली एक बाई. कुठे बोलावलं? मालकाच्या हवेलीसमोर. पाहुणे कोण? मालकाचे वारस. ज्या अंगणात तिच्या पूर्वजांना परवानगीशिवाय उभं राहता येत नव्हतं, तिथे ती यजमान झाली. नुसता मांडव घालून यजमानपद मिळालं नसतं. वंशावळ तिच्याकडे होती, त्यामुळे अंगणात कोण कोणाचा कोण हे फक्त तीच सांगू शकत होती.

पुस्तकात उणं काय? दोन गोष्टी सांगतो. पत्रकार मायकेल डोर्सो यांच्या साहाय्याने ते लिहिलं आहे आणि १९८८ साली आलं. भाषा ओघवती आहे, कधीकधी जरा जास्तच. जिथे वाचकाने अडखळायला हवं, तिथेही वाक्य घसरत पुढे जातं. दुसरी गोष्ट म्हणजे, मेळावा शेवटी येत असल्यामुळे तो उत्तरासारखा वाटू लागतो. दहा वर्षं कष्ट, मग एक मोठा दिवस, अश्रू, मिठ्या. वाचक समाधानाने पुस्तक मिटतो. प्रत्यक्षात काम तिथे संपलं नव्हतं. समरसेट हे सरकारी ऐतिहासिक स्थळ होतं, आणि तिथे दाखवलं काय जायचं, तर मुख्यतः हवेली. रेडफर्ड पुढे त्याच स्थळाच्या व्यवस्थापक झाल्या आणि २००८ पर्यंत राहिल्या. गुलामांच्या वस्तीतली घरं पुन्हा बांधली गेली, पर्यटकांना सांगितली जाणारी गोष्टच बदलली. मेळाव्याचं खरं फळ ते, आणि ते पुस्तकाच्या शेवटच्या पानानंतरचं आहे. हा दोष काळाचा म्हणा, पण रचनेचाही आहे.

आता पलीकडच्या बाजूने आलेलं पुस्तक घेऊ. एडवर्ड बॉल हे मालकाचे वंशज. साउथ कॅरोलायनात चार्ल्सटनजवळ कूपर नदीच्या काठी बॉल घराण्याची वीसहून जास्त प्लांटेशन्स होती. पहिला एलायस बॉल १६९८ साली आला, आणि १८६५ पर्यंत या घराण्याने जवळजवळ चार हजार माणसं गुलाम म्हणून राखली. त्यांचे आजचे वंशज पाऊण लाख ते एक लाख असावेत, असा एडवर्ड बॉल यांचा अंदाज आहे. पुस्तकाची सुरुवात कुठे होते? बॉल घराण्याच्या मेळाव्यापाशी. गोऱ्यांच्या मेळाव्यापाशी. तिथून ते घराण्याचे कागद घेऊन बाहेर पडतात आणि त्या चार हजारांच्या वंशजांची दारं ठोठावतात. १९९८ साली या पुस्तकाला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं.

या पुस्तकाबद्दल माझं मत दुभंगलेलं आहे. एक मोठी गोष्ट त्याने केली, ती म्हणजे कागद उलट्या दिशेने वाहून नेले. प्रिसिला नावाची दहा वर्षांची मुलगी १७५६ साली सिएरा लिओनहून चार्ल्सटनला आणली गेली आणि बॉल घराण्याने ती विकत घेतली. घराण्याच्या नोंदींवरून तिची ओळ आजच्या पिढीपर्यंत जोडता आली, आणि २००५ साली तिच्या सातव्या पिढीतली एक स्त्री सिएरा लिओनला जाऊन आली. जे हेलींनी कल्पनेने भरून काढलं, ते इथे कागदाने घडलं. दुसरं असं की घराण्यातल्या ज्येष्ठांचा विरोध बॉल यांनी लपवलेला नाही.

पण यजमान कोण, हे बघा. गाडी त्यांची, टेपरेकॉर्डर त्यांचा, वह्या त्यांच्या. ते ज्यांच्या घरी जातात तिथे पाहुणे असतात खरे, पण नाव देणारे तेच. तुमची पणजी कोण ते मी सांगतो, असं. आणि एका कुटुंबापुढे ते माफी मागतात. त्यांच्या प्रामाणिकपणावर माझा संशय नाही. तरी वाचक म्हणून विचारावंसं वाटतं, की माफी मागण्याची वेळ, जागा आणि शब्द ठरवले कोणी? समोरच्याने ती मागितली होती का? सांगणारा आणि पश्चात्ताप करणारा एकच असला की ऐकणाऱ्याला एकच काम उरतं, माफ करण्याचं. बॉल यांना हा पेच कळतो, हे त्यांच्या कोरड्या गद्यातून जाणवतं. सुटत मात्र नाही.

विन्सेक यांचं 'द हेअरस्टन्स' १९९९ सालचं. समीक्षकांच्या राष्ट्रीय मंडळाचा चरित्राचा पुरस्कार त्याला मिळाला. हेअरस्टन हे व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना आणि मिसिसिपीत पसरलेलं प्रचंड मोठं मळेवाल्यांचं घराणं. नॉर्थ कॅरोलायनातल्या डेव्ही काउंटीत कूलीमी नावाची त्यांची हवेली. आडनाव गोऱ्यांचंही तेच, कृष्णवर्णीयांचंही तेच. पण उच्चार वेगळा. गोरे स्वतःला 'हार्स्टन' म्हणवतात, कृष्णवर्णीय जसं लिहिलंय तसं 'हेअरस्टन' म्हणतात. एकाच अक्षरांना दोन आवाज. कुठल्या शाळेत बसायचं, कुठल्या कबरस्तानात जायचं, हे एका स्वरावरून कळत असे. या पुस्तकातला हा तपशील मी कधी विसरणार नाही, कारण अख्ख्या दक्षिणेचं समाजशास्त्र त्यात आहे.

विन्सेक हे बाहेरचे. ना हार्स्टन ना हेअरस्टन. त्यामुळे त्यांना दोन्ही मांडवांत जाता येतं, कृष्णवर्णीय हेअरस्टनांच्या शेकडो लोकांच्या मेळाव्यांनाही ते जातात. त्यांना रहस्यकथेचा हात आहे. मिसिसिपीतला एक हेअरस्टन १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला मरताना आपली इस्टेट गुलाम स्त्रीपासून झालेल्या मुलीच्या नावे करू पाहतो, आणि नातेवाईक ते होऊ देत नाहीत. त्या मुलीचं पुढे काय झालं, याचा माग विन्सेक एखाद्या तपास अधिकाऱ्यासारखा काढतात. तो भाग जरूर वाचा.

माझी तक्रार पुस्तकाच्या सुराबद्दल आहे. गोरं घराणं हळूहळू ओसरलं आणि कृष्णवर्णीय हेअरस्टन शिकले, वाढले, पसरले, असा एक काव्यात्म न्याय लेखकाला दिसतो. कृष्णवर्णीयांच्या क्षमाशीलतेने तो भारावून जातो. क्षमा हा त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे, तिचा आदर केलाच पाहिजे. पण आपण मघाशी भावकी म्हटलं. भावकीत एकाने माफ केलं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही. त्या मुलीची इस्टेट तिला मिळाली नाही, ती नाहीच मिळाली. क्षमेची गोष्ट सांगताना हिशेबाची गोष्ट मागे पडते, आणि वाचकाला ते सोयीचं असतं.

उलट उदाहरण व्हर्जिनियातल्या आल्बेमार्ल काउंटीतलं. टॉमस जेफरसन आणि त्याच्या घरची गुलाम सॅली हेमिंग्ज. इतिहासकार अ‍ॅनेट गॉर्डन-रीड यांनी १९९७ साली पुरावे पुन्हा तपासले, १९९८ मध्ये डीएनए चाचणीचा निष्कर्ष आला. जेफरसनच्या गोऱ्या वंशजांच्या संघटनेने हेमिंग्जच्या वंशजांना मेळाव्याला पाहुणे म्हणून येऊ दिलं. पण सदस्यत्वाचा, म्हणजेच घराण्याच्या कबरस्तानात जागेचा प्रश्न आला तेव्हा २००२ साली मतदान करून नकार दिला. जेवायला या, पण पुरायला जागा मिळणार नाही. पाहुणा आणि भाऊबंद यांतला फरक इतका स्वच्छ क्वचितच दिसतो.

म्हणून मी तुम्हाला या सगळ्यांच्या आधीच्या पुस्तकाकडे नेतो. पॉली मरे, 'प्राउड शूज', १९५६. 'रूट्स'च्या वीस वर्षं आधी. मरे वकील होत्या, नागरी हक्कांच्या लढ्यातल्या मोठ्या विचारवंत. लहानपणी डरॅमला आजी-आजोबांकडे वाढल्या. आजोबा रॉबर्ट फिट्झजेराल्ड यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेले, नंतर मुक्त झालेल्यांना शिकवणारे. आणि आजी कॉर्नेलिया. तिची आई हॅरियट, ऑरेंज काउंटीतल्या चॅपल हिलजवळच्या स्मिथ घराण्याची गुलाम. बाप त्याच घरातला मुलगा, सिडनी स्मिथ. त्याने हॅरियटवर बळजबरी केली होती. मूल वाढवलं कोणी, तर सिडनीच्या अविवाहित बहिणीने, मेरी रफिन स्मिथने. म्हणजे आत्याने. पण आत्या कागदोपत्री मालकीण.

कॉर्नेलिया आजी आयुष्यभर आपण स्मिथ असल्याचा तोरा मिरवते. नातीला ते आवडत नाही, लाजही वाटते. सोपा मार्ग होता. आजीला भोळी म्हणायचं, किंवा तिच्या अभिमानावर पांघरूण घालायचं. मरे दोन्ही करत नाहीत. त्या अभिमानात हक्काचा दावा आहे हे त्या ओळखतात. मी स्मिथ आहे, म्हणजे माझं काहीतरी देणं लागतं, असं आजी म्हणते आहे. ही भावकीची भाषा आहे. मेरी रफिन स्मिथ वारली तेव्हा हॅरियटच्या मुलींना लहानसा वाटा मिळाला, आणि मोठी इस्टेट गेली चर्चला आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाला. त्याच विद्यापीठाने १९३८ साली पॉली मरे यांना वर्णावरून प्रवेश नाकारला. पणजोबांच्या घरच्या जमिनीवर पोसलेल्या विद्यापीठात पणतीला बाक मिळाला नाही.

'प्राउड शूज'मध्ये मोठा मेळावा नाही, मिठ्या नाहीत. एक म्हातारी आहे, तिचा हट्ट आहे, आणि कागद शोधत हिंडणारी तिची नात आहे. तरी मला या पाचांत ते सर्वांत खरं वाटतं, कारण नातं आणि हिशेब त्यात वेगळे होत नाहीत. पुढे १९७७ साली मरे एपिस्कोपल चर्चच्या धर्मोपदेशक झाल्या आणि चॅपल हिलच्या ज्या चर्चमध्ये आजीचा गुलाम मूल म्हणून बाप्तिस्मा झाला होता, तिथेच त्यांनी प्रभुभोजनाचा विधी केला. त्या दिवशी यजमान त्या होत्या.

शेवटी एका सहाव्या पुस्तकाबद्दल. त्याला प्रकाशक नाही, लेखकही नाही. दर मेळाव्यात वाटली जाणारी फोटोकॉपीची पुस्तिका. त्यात वंशावळ असते, फोटो असतात, गेलेल्यांच्या अंत्यविधीची पत्रकं असतात, कोणाच्या तरी मावशीच्या केकची कृती असते. समीक्षक तिच्याकडे बघत नाहीत. पण शोधणाऱ्यांना विचारा, अशा पुस्तिका आणि अंत्यविधीची पत्रकं हा केवढा ऐवज आहे! मालकाच्या वहीत नाव किमतीशेजारी असतं. या पुस्तिकेत ते नातवंडांशेजारी असतं.

आणि मेळाव्यात बंद दाराआड आणखी एक बैठक होते, जमिनीची. मृत्युपत्र न करता आजोबा गेले, जमीन सगळ्या वारसांची सामाईक राहिली. पन्नास-साठ वारस, सहा राज्यांत. त्यातल्या एकाचाच हिस्सा बाहेरच्या माणसाने विकत घेतला, की तो कोर्टात वाटणी मागू शकतो आणि अख्खी जमीन लिलावात जाऊ शकते. सामाईक सातबारा काय चीज आहे हे तुम्हाला समजावण्याची गरज नाही. (हशा) कृष्णवर्णीयांच्या हातची बरीच जमीन दक्षिणेत अशीच गेली. वारसांना संरक्षण देणारा नमुना कायदा २०१० साली तयार झाला, तो एकेका राज्याने स्वीकारायचा असतो. अशा वेळी वंशावळ ही हौस राहत नाही. कोण वारस आहे, कुठे आहे, त्याचा फोन नंबर काय, कर भरायला या वर्षी कोणाचे पैसे आले, यावर ती जमीन टिकते. मी बोललो त्या मोठ्या पुस्तकांच्या केंद्रस्थानी हा प्रश्न येत नाही. 'प्राउड शूज' त्याच्या सर्वांत जवळ जातं. ते पुस्तक कोणीतरी लिहायला हवं, आणि माझा अंदाज आहे की ते एखाद्या फोटोकॉपीच्या पुस्तिकेतूनच निघेल.

तेव्हा उद्या तुमच्या हाती असं एखादं पुस्तक आलं, आणि त्याच्या मलपृष्ठावर दोन वर्णांचे हसरे चेहरे एका टेबलाशी दिसले, तर त्या हसण्यावर अविश्वास दाखवू नका. पण आत उघडून तीन गोष्टी बघा. आमंत्रण कोणी धाडलं, नावांची यादी कोणाच्या कागदावरून आली, आणि जेवणं उरकल्यावर जमीन नि कबरस्तान कोणाच्या नावावर राहिलं.

वेळ संपली आहे. प्रश्न असतील तर खाली चहाच्या टेबलापाशी जरूर विचारा.